विहीर हिरवी करणाऱ्या मॅडम

मॅडम आमच्या नेरूळच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा चपला काढून थेट मोरीत गेल्या. बायकोला वाटलं, हातपाय धुवायचे असतील. तिनं धुतलेला टॉवेल काढून ठेवला. मॅडम मोरीत उकिडव्या बसून जाळीतून खाली बघत होत्या. मग त्यांनी गॅलरीतून वाकून बिल्डिंगच्या मागचा पाइप कुठे उतरतो ते पाहिलं, आणि आत येऊन बायकोला विचारलं की हे पाणी पुढे कुठे जातं. बायको म्हणाली, गटारात. गटार कुठे जातं, हा पुढचा प्रश्न. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं. मॅडम सोफ्यावर बसल्या, पोहे खाल्ले, चांगले झालेत म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांच्यामागे दार लावताना बायकोनं विचारलं, तुमच्या मोठ्या साहेब त्या ह्याच का नक्की?

ह्याच होत्या. देवळात गेल्या तर अभिषेकाचं पाणी भिंतीतून बाहेर कुठे पडतं ते बघायला देवळाला वळसा घालायच्या, आणि लोकांना वाटायचं बाई प्रदक्षिणा घालताहेत. ऑफिसातल्या एकाच्या मुलीच्या लग्नात त्या मांडवामागे भांडी घासतात तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मुलीचा बाप धावत आला, काही कमी पडलं का म्हणून हात जोडायला लागला. मॅडमनी त्याला सांगितलं, खरकटं पाणी शेजारच्या बोअरच्या तोंडाशी साचतंय, चर खणून घ्या. मुहूर्त तोंडावर आलेला. त्यानं खरंच एका माणसाला कुदळ देऊन पाठवलं, कारण मॅडमनी सांगितलेलं काम केल्याशिवाय त्या जागच्या हलत नाहीत हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. आमचं ऑफिस महाप्याला, कारखान्यांच्या मधोमध. कारखान्यांचं सांडपाणी, धूर, कचरा यांवर नजर ठेवायची, नमुने घ्यायचे, नोटिसा काढायच्या, हे काम. मी त्यात बऱ्यापैकी मुरलो होतो. मुरलो होतो म्हणजे नोटीस कोणत्या शब्दांत लिहिली की कुणालाच फार त्रास होत नाही, हे मला कळायला लागलं होतं. आणि तेवढ्यात मॅडम विदर्भातून बदलून आल्या.

पन्नाशीच्या, उंच, हाडापेराच्या. सुती साडी, साइटवर निघाल्या की ती वर खोचलेली आणि खाली काळे गमबूट. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. वर्धेकडचं बोलणं त्यांनी इथे येऊन बदललं नाही. रिपोर्टात 'साधारणपणे' हा शब्द दिसला की लाल पेन्सिलीनं गोल करून कागद परत. कारण विचारलं तर म्हणायच्या, पाणी साधारणपणे कुठे जात नाही, ते जातं किंवा जात नाही. डम्पिंगवर कुणी नाकाला रुमाल लावला तर त्याला जीपमध्ये परत पाठवायच्या. वास हाही नमुनाच आहे, असं त्यांचं मत. जेवणाची वेळ झाली की तिथेच पालथ्या डब्यावर बसून भाकरी खायच्या, कचरा वेचणाऱ्या बायांच्या शेजारी. मला ते कधीच जमलं नाही. माझा डबा तसाच घरी यायचा आणि बायको रागवायची.

त्यांनी माझं कौतुक कधी केलं नाही. दोनदा मी राजीनामा लिहिला आणि दोनदा फाडला.

डम्पिंग म्हणजे महाप्याजवळ, पावण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतली एक सोडून दिलेली दगडाची खाण. शहर वाढत होतं, कचरा वाढत होता, आणि तो त्या खड्ड्यात पडत होता. खाणीच्या खाली, उतारावर, एक जुनं गाव. नळ आले होते, पण नळाला पाणी कधी यायचं कधी नाही, आणि आलं तरी प्यायला गावाला आपल्या विहिरीचंच लागायचं. घडीव दगडांची, पायऱ्यांची विहीर. लग्नातलं पहिलं पाणी तिथूनच आणायची रीत.

डम्पिंग चालवणाऱ्या ठेकेदाराचा एक इंजिनिअर होता. हसतमुख, इस्त्रीतला माणूस. त्याचं म्हणणं एकच: खाणीचा तळ अखंड काळा दगड आहे, त्यातून पाणी झिरपत नाही. विहिरीच्या नमुन्यात काही सापडलं तर तो म्हणायचा, गावातले गोठे आहेत, संडास आहेत, त्यांचं असेल. आमच्या प्रयोगशाळेचे आकडेही एका महिन्यात बिघडायचे, दुसऱ्या महिन्यात सुधारायचे. त्यावर कुणाला दोषी धरता येत नव्हतं. मी तसा रिपोर्टही लिहून ठेवला होता. त्यात 'साधारणपणे' तीन ठिकाणी होतं.

मॅडमनी खाणीचा काठ पालथा घातला. एका कडेला, कचऱ्याखाली अर्धे दबलेले, केमिकलचे निळे पिंप होते. कारखान्याचं नाव खरवडून काढलेलं. ठेकेदाराचा इंजिनिअर म्हणाला, रिकामे आहेत. मॅडमनी एका पिंपाला गमबुटानं ढकललं. आत काहीतरी जडसं हललं. इंजिनिअर हसायचा थांबला.

त्यांनी त्याला फक्त एक विचारलं, इथे किती वर्षं सुरुंग लागत होते? तो म्हणाला, बरीच वर्षं, खाण मोठी होती. मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं सुरुंग लावलेला दगड अखंड राहील काय, बाप्पा?"

पण हे बोलणं झालं, पुरावा नव्हे. खाणीतल्या कचऱ्याचं काळं पाणी गावच्या विहिरीत जातं, हे डोळ्यांना दाखवायला हवं होतं. त्यासाठी त्यांच्याकडे एक पूड होती. भूगर्भातलं पाणी कुठून कुठे जातं ते शोधायला वापरतात ती. दिसायला विटकरी, पाण्यात पडली की झगझगीत पोपटी हिरवी. माणसाला अपाय नाही. खाणीच्या गावाकडच्या टोकाला खड्डा घ्यायचा, पूड टाकायची, वर टँकरभर पाणी सोडायचं, आणि वाट बघायची.

मॅडमच्याही वरचे, आमचे मुख्य साहेब घाबरले. पाण्याच्या विहिरीचा मामला, वरून परवानगी येऊ दे म्हणाले. परवानगी मागितली, उत्तर आलं नाही. पुन्हा मागितली, पुन्हा नाही. दरम्यान विहिरीच्या पाण्याला एक दिवस फेस आला, आणि गावातली दोन लहान मुलं जुलाबानं दवाखान्यात गेली. मॅडम दवाखान्यात जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, टँकर सांग.

त्याआधी त्या गावात जाऊन आल्या होत्या, मी बरोबर होतो. गावाचा पुढारी म्हणजे धर्माशेठ. पांढरा लेंगा, गळ्यात चेन, बोलायला मऊ. मॅडमनी त्याला सगळं समजावलं: विहीर हिरवी होऊ शकते, घाबरायचं कारण नाही, पण हिरवी झाली तर ते पाणी कुणी प्यायचं नाही, आणि हे आजच घरोघर सांगायचं. धर्माशेठ म्हणाला, टेन्शन नका घेऊ मॅडम, सांगतो. डम्पिंगवर कचरा आणणाऱ्या डंपरांपैकी निम्मे त्याचे आणि त्याच्या पुतण्यांचे होते, हे आम्हाला माहीत होतं. तरी मॅडमनी त्याच्यावर भरवसा ठेवला. त्यानं गावात एका माणसालाही सांगितलं नाही.

पूड टाकली. दिवस जात राहिले. मी रोज विहिरीवर जाऊन बाटली भरायचो, उजेडात धरून बघायचो. पाणी नितळ. ठेकेदाराचा इंजिनिअर आमच्या ऑफिसात येऊन चहा पिऊन गेला आणि जाताना म्हणाला, मॅडमना रंगपंचमीच्या शुभेच्छा सांगा. मुख्य साहेबांनी परवानगी न घेता चाचणी केल्याबद्दल मॅडमकडून खुलासा मागवला. मॅडम टेबलाशी बसून राहायच्या. जेवायच्या नाहीत. एकदा मी धीर करून म्हटलं, कदाचित तळ खरंच अखंड असेल. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "तसं असलं तर चांगलंच होईल ना रे. मला काय, हिरवं पाहायची हौस आहे काय?" त्यांचा आवाज थकलेला होता. असा मी तो आधी ऐकला नव्हता.

मग एका सकाळी डम्पिंगच्या वॉचमनचा फोन आला. विहीर हिरवी झाली होती, आणि गाव जमलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. विहिरीचं पाणी मी वरूनच पाहिलं. पोपटाच्या पंखासारखं, उन्हात पेटल्यासारखं. सुंदर दिसत होतं, आणि त्यामुळेच अंगावर काटा आला. जीप थांबताच माणसांनी वेढली. कुणीतरी बोनेटवर थापा मारल्या. आमचा ड्रायव्हर इंजिन बंद करायला तयार नव्हता. मॅडमनी हात घालून किल्ली काढली आणि खाली उतरल्या. मलाही उतरावं लागलं.

धर्माशेठ पुढे नव्हता. तो मागे, झाडाखाली, हाताची घडी घालून उभा होता. पुढे होते त्याचे पुतणे, आणि त्यांच्याही पुढे बाया, रिकामे-भरले हंडे घेऊन. त्यांत एक पदूबाय होती, ठेंगणी, आडवा बांधा, वय झालेलं. दवाखान्यात गेलेल्या मुलांपैकी एक तिचा नातू. ती मॅडमच्या अगदी अंगाशी आली.

"आमचे विहिरीन तू काय टाकलंस, बाय?"

मॅडमनी सांगितलं, विहिरीत मी काही टाकलं नाही. वर डम्पिंगच्या खड्ड्यात रंग टाकला. तिथून तो आपल्या पायानं इथे आला. लोकांनी ऐकून घेतलं नाही. विष घातलं, विष घातलं, असा गलका सुरू झाला. एक पुतण्या हंडा घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरला, हिरवं पाणी भरून वर आला, त्यातलं पेलाभर ओतून त्यानं मॅडमच्या तोंडासमोर धरलं. म्हणाला, विष नाय ना, मग पिऊन दाखव.

पेल्यातलं पाणी हिरवंगार, त्यात सूर्य. मला वाटलं, त्या पितील. त्यांचा स्वभाव बघता घटाघटा पितील आणि वाटी पालथी घातल्यासारखा विषय संपवतील. मी मनात म्हणत होतो, प्या, एक घोट घ्या, आपण इथून सुटू.

मॅडमनी पेला हातात घेतला. त्याच्याकडे बघितलं.

"रंग विषारी नाही," त्या म्हणाल्या. "नुसता रंग चांगल्या पाण्यात घालून द्या, आत्ता पिते. हे पाणी मी पिणार नाही."

पुतण्या हसला. ऐकलंत ना, असं गर्दीकडे बघून म्हणाला.

मॅडम त्याच्याकडे न बघता पदूबायशी बोलत होत्या. आवाज चढला नव्हता. "ज्या वाटेनं रंग आला, त्याच वाटेनं डम्पिंगचं पाणी येते. त्या पिंपांमधलं येते. रंग आज दिसला. बाकीचं तुम्ही रोज पिऊन राहिले, ते दिसत नव्हतं. मी नाही पिणार. आजपासून तुम्हीही नाही प्यायचं."

त्यांनी पेला तिरका केला. पाणी दोघींच्या मधल्या मातीत पडलं आणि माती हिरवी झाली.

पदूबाय त्या मातीकडे बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, हे होनार ते तुला ठावं होतं, मंग आमाला कोनी कसं नाय सांगलं? मॅडम मागच्या झाडाकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या नजरेमागून पदूबायची नजर गेली, तिच्यामागून दुसऱ्या बायांची. झाडाखाली धर्माशेठनं हाताची घडी सोडली.

पदूबायनं डोक्यावरचा भरलेला हंडा उतरवला आणि आडवा केला. दुसरीनं केला. आवाज असा काहीच नव्हता, फक्त पाणी वाहण्याचा. धर्माशेठ पायात चपला सरकवून घराकडे निघाला, तर त्याची स्वतःची सूनच वाटेत रिकामा हंडा घेऊन उभी.

त्याच दुपारी बाया खाणीच्या रस्त्यावर जाऊन बसल्या. डंपर अडले. पुतण्यांनी आधी हॉर्न वाजवले, मग इंजिनं बंद केली, कारण समोर बसलेल्यांत त्यांच्या आया होत्या. पोलीस आले. शहरात कचराकुंड्या वाहायला लागल्या, वरून फोनवर फोन. लोकांना वाटत होतं, मॅडमही रस्त्यावर जाऊन बसतील. त्या गेल्या नाहीत. त्या लांब उभ्या केलेल्या जीपमध्ये बसून रिपोर्ट लिहीत होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही नुसत्या जाऊन उभ्या राहिलात तरी बायांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, "मी तिथे बसले तर उद्या या कागदाला कोण मानेल? जा, तू विहिरीचा नमुना घेऊन ये. नीट घे."

शेवटी वरच्या साहेबांपुढे सुनावणी लागली, त्या दिवशी ठेकेदाराचा इंजिनिअर भलीमोठी फाइल घेऊन आला होता. मॅडमना आधी तासभर परवानगीबद्दलच झाडलं गेलं. त्यांनी चूक कबूल केली. शिवाय न विचारता आणखी एक कबूल केली: पुढाऱ्याला सांगून मी थांबले, बायांना मी स्वतः सांगायला हवं होतं. मग त्यांनी पिशवीतून विहिरीच्या हिरव्या पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं. त्यानंतर अखंड दगडाबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

हुकूम निघाला. गावाच्या बाजूला कचरा टाकणं बंद. कारखान्यांचे पिंप पूर्ण बंद, आणि पडलेले होते ते काढून न्यायचे. काळं पाणी अडवायला खाणीच्या पायथ्याशी चर, चराचं पाणी टाकीत, टाकीतून प्रक्रियेला. खाण आणि गाव यांच्या मध्ये तपासणीच्या बोअर, त्यांचे नमुने दर महिन्याला. विहीर बंद. गावाला स्वतंत्र पाइपलाइन, तोवर टँकर.

आणि मॅडमची बदली, नागपूरला.

गाव त्यांना दुवा देत होतं असं कुणाला वाटलं तर ते खरं नाही. विहिरीवर लोखंडी जाळी बसली आणि गावाचा जीव तुटला. टँकर वेळेवर येत नसे, बाया हंडे घेऊन ताटकळायच्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या आमच्या जीपकडे बघून बोटं मोडायच्या. एका घरात लग्न होतं, पहिलं पाणी कुठून आणायचं यावरून रडारड झाली. पदूबायनं मला तोंडावर सांगितलं, तुझी ती हिरवी बाय आली आनि आमची विहीर घेऊन गेली. मॅडमना निरोप द्यायला स्टेशनवर ऑफिसातून मी एकटाच गेलो होतो. गाडी सुटेपर्यंत त्या मला चराच्या उताराबद्दल सांगत होत्या. पदूबाय काय म्हणाली ते मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, खरंच आहे ते, आणि पुन्हा उताराकडे वळल्या.

त्यांची खुर्ची रिकामी राहिली आणि काम माझ्याकडे आलं. दर महिन्याला बोअरचे नमुने, चराची पाहणी. ठेकेदाराच्या इंजिनिअरनं एकदा मला चहाला बोलावलं. मी गेलो नाही. त्यात शौर्य नव्हतं, वेळच नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात पाइपलाइन आली. गावाच्या मधोमध स्टँडपोस्ट, चार नळ, चकचकीत. नारळ फुटला, पेढे वाटले. पाणी सुटलं. कपड्याला नेलं, गुरांना नेलं, प्यायला कुणी नेलं नाही. मी प्रयोगशाळेचा कागद घेऊन गेलो, सगळं वाचून दाखवलं. पदूबाय म्हणाली, कागद तर आधीबी चांगलाच येत व्हता. त्या बायला बोलव. ती पिली तर आमी पिऊ.

मी नागपूरला एसटीडी बूथवरून फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, खूश होतील, रजा टाकून येतील. त्यांनी विचारलं, ती लाइन टाकीपासून गावापर्यंत कुठून आणली? मी म्हटलं, नकाशा आहे माझ्याकडे.

"नकाशा नको सांगू. चालून पाहिली काय?"

मी म्हटलं, उद्या चालतो. त्या म्हणाल्या, मग मला काऊन बोलावतो, आणि फोन ठेवला.

मी चाललो. टाकीपासून, डोंगराच्या कडेनं, झुडपांतून. बहुतेक लाइन व्यवस्थित होती. पण गावाच्या अलीकडे पाइपलाइनच्या ठेकेदारानं खोदाई वाचवायला पाइप थेट काळ्या पाण्याच्या चरातून नेला होता, आणि त्यातला एक जोड बरोबर चराच्या तळाशी होता. मी गुडघ्याएवढ्या चिखलात उतरलो. जोडावर हात ठेवला. पाणी सुटलेलं असताना तो आतून बाहेर थेंब थेंब गळत होता. पाणी बंद झालं की हाच जोड बाहेरचं आत ओढणार होता. प्रयोगशाळेनं नमुना घेतला तो पाणी सुटलेलं असताना.

गावचे नळ मी त्याच दिवशी बंद करवले. पुन्हा टँकर, पुन्हा शिव्या. पण पदूबायनं ह्या वेळी शिव्या दिल्या नाहीत. ती चरापर्यंत आली, काठावर उभी राहून माझ्या चिखलानं भरलेल्या पँटकडे बघत राहिली, आणि म्हणाली, आता कोन पिला असता, तर? मी म्हटलं, तर पुन्हा दवाखाना.

पाइप चरावरून उचलून, खांबांवरून, वेगळ्या वाटेनं नेला. त्यात उन्हाळा लागला. प्रत्येक जोड मी स्वतः पाहिला, पाणी चालू असताना आणि बंद असतानाही. मग नळ सुटले.

त्या दिवशी नारळ नव्हता. दुपारची वेळ, स्टँडपोस्टभोवती बाया हंडे खाली ठेवून उभ्या होत्या. धर्माशेठची सूनही होती. मॅडमचं नाव कुणी काढलं नाही. पदूबायनं घरून आणलेला पितळी पेला विसळला, नळाखाली धरला, भरला आणि माझ्यापुढे केला.

मी तो उजेडात धरला. पाणी नितळ होतं. नितळ असण्यानं काही सिद्ध होत नाही, हे आता तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. मी डोळ्यांसमोर लाइन आणली, टाकीपासून इथपर्यंत, एक एक जोड.

मी पाणी प्यायलो. थंड होतं, त्याला लोखंडाची किंचित चव होती.

पदूबायनं पेला परत घेतला, आत बघितलं, पदरानं पुसला. मग तिनं आपला हंडा उचलून नळाखाली लावला, आणि मागे उभ्या असलेल्या बायांना म्हणाली, सरका गो, रांग करा.